डोळ्यांनी ऐकलेला धवला

कुसळ

भाताचं कुसळ ते केवढं! बोटावर ठेवलं तर म्हाताऱ्या माणसाला दिसायचंसुद्धा नाही. त्यानं मला अडीच-तीन महिने अंधारात बसवलं. आणि त्या अंधारातच मला माझ्या स्वतःच्या शरीराची एक अशी करामत कळली, की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी चौथी शिकलेली बाई. पुढचं वाचन पोरांच्या पुस्तकांवर आणि पुडीच्या कागदांवर झालं. तेव्हा लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. इस्पितळात कानाच्या तपासणीच्या खोलीबाहेर एक लांब बाक असतो. त्या बाकावर जे घाबरून बसलेले असतात ना, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्याच्या आतल्या अंगाला, किन्हवलीच्या पुढं. पावसाळ्यात भात, मागून वाल. आजूबाजूच्या दहा-बारा पाड्यांत मी धवलारीण म्हणून ओळखीची आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्याकडे लग्नात मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं, आणि ते गाणारी ती धवलारीण. गाणंच सांगतं, आता तेल लावा, आता तांदूळ टाका. गाणं चुकलं की विधी चुकला. आणि धवला एकटीनं होत नाही. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं झेलायची, आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाला दोघींनी एकत्र यायचं. माझी जोडीदारीण ठमा. तीस-पस्तीस वर्षं आम्ही दोघी एका चटईवर समोरासमोर बसून गातोय. आता सगळे धवले पाठ असलेल्या आमच्याकडे आम्ही दोघीच उरलो.

गेल्या दिवाळीनंतर आमची भाताची झोडणी चालली होती. ठमा खळ्यावर आली ती साखर घेऊनच. तिच्या नातीचं, जाईचं, लग्न वैशाखात ठरलं होतं.

"माझ्या नातीला हळद लागंल ती आपल्या दोघींच्या धवल्यानं," ती म्हणाली. "मरायचं बिरायचं असंल तर आधी सांग."

"वैशाखापर्यंत नाय मरत गो," मी म्हटलं. "पुढचं बघू."

त्याच दुपारी पेंढी आपटताना उजव्या डोळ्यात कुसळ गेलं.

माझा डावा डोळा आधीच मोतीबिंदूनं भरलेला. त्याला नुसता उजेड-सावली कळायची. डॉक्टर केव्हापासून म्हणत होते, काढून टाका. पण भाताची आवणी झाली की करू, लगीनसराई झाली की करू. उजवा आहे ना, मग काय घाई! त्या उजव्यातच कुसळ गेलं. मी डोळा धुतला, पदराची बोळी तोंडानं फुंकून शेकवला, एरंडेल घातलं. तिसऱ्या दिवशी एका पाड्यावर जिभेनं डोळ्यातलं काढणारी बाई आहे तिच्याकडे गेले. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच काढतात. कुसळ तिनं काढलं, खोटं कशाला बोलू. मायेनं काढलं. पण तोवर जखम झाली होती, आणि त्यात काय काय शिरलं देव जाणे. सहाव्या दिवशी सूनबाई वैशालीनं माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि तिच्या हातातली परात खाली पडली. माझं बुबुळ उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं झालं होतं.

निदान

शहापूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. चिठ्ठी लिहिली, म्हणाले, आजच्या आज मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या. घरीसुद्धा जाऊ नका. आसनगाव स्टेशनला माझा मुलगा सुरेश कामावरून परत फिरून आम्हाला भेटला आणि तिथेच फलाटावर, माझ्या कानाशीच, बायकोला बोलायला लागला.

"घरात असून तुला दिसलं नाय? पाच दिवस?"

मी म्हटलं, "मी लपवलं. मला विचार." खरंच मी लपवलं होतं. पाच दिवस पदर ओढून बसले होते, झोडणी अडेल म्हणून. जो आजार आपण लपवतो त्याची बोलणी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी खावी लागतात, हे त्या दिवशी शिकले.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मला वैशालीनं नंतर समजावलं. बुबुळाच्या जखमेत बुरशी धरली आहे. भात झोडणाऱ्यांना होतं असं. दर तासाला औषधाचे थेंब, आणि वाट बघायची. डोळा राहील, पण नजर किती राहील सांगता येत नाही. डाव्याचा मोतीबिंदू काढू, पण ही बुरशी पूर्ण गेल्यावरच.

म्हणजे तोपर्यंत अंधार.

मला अंधाराची एवढी भीती वाटली नव्हती. घरातली मीठ-मिरची मी डोळे मिटून काढते. मला वाटलं, कान आहेत, तोंड आहे, ठमाबरोबर बसून गायला डोळे कशाला लागतात?

पेज

वॉर्डात दुसऱ्या दिवशीच मला कळलं की काहीतरी वेगळंच बिनसलंय.

आवाज येत होता. माणूस बोलतंय हे कळायचं, बाई की बाप्या तेही कळायचं. पण शब्द सुटा होत नव्हता. भात जास्त शिजून त्याची पेज व्हावी, एक शीत वेगळं लागू नये, तसं सगळ्यांचं बोलणं. सिस्टर यायची, काहीतरी विचारायची. मी म्हणायची, हो. ती परत विचारायची. मी परत, हो. एकदा तिनं मला चाकाच्या खुर्चीत बसवून कुठंतरी नेलं, वासावरून कळलं, संडास. घटकाभरानं परत विचारलं, मी हो म्हटलं, परत संडास. न लागता दोनदा जाऊन आले. आता हसू येतं. तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या रडले.

सुरेश संध्याकाळी यायचा आणि माझी उलटसुलट उत्तरं ऐकायचा. पुढं कळलं, त्यानं डॉक्टरांना विचारलं होतं, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय का. आणि आमचे हे, पोरांचे बाबा, खाटेपाशी उभे राहायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि निघून जायचे. ह्यांचं बोलणं तर घरीसुद्धा मला कळत नसे. दहा वर्षं मी त्यांना म्हणतेय, तोंडातल्या तोंडात बोलू नका. आणि दहा वर्षं ते म्हणतायत, तू माझंच तेवढं ऐकत नायस.

मी देवाशी भांडले. म्हटलं, डोळा मागितलास, दिला. आता कान कशाला? वैशाखात जाईच्या हळदीला मी ठमाची ओळ झेलणार कशानं?

ठमाची भेट

बाराव्या दिवशी ठमा आली. आली हे मला तिच्या मशेरीच्या वासावरून कळलं. खाटेच्या कडेवर बसली, हात धरला, बोलली. पेज. परत बोलली, जरा मोठ्यानं. जास्त मोठी पेज.

"ठमा, मला तुझं काय कळत नाय गो," मी म्हटलं.

मला वाटलं रागावली. मग तिनं माझा हात वर उचलला आणि माझी बोटं आपल्या ओठांवर ठेवली. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

ती काय करत होती ते कळायला तुम्हाला सोनूआत्या माहीत पाहिजे. सोनूआत्या म्हणजे माझी आत्येसासू, आमच्या आधीची धवलारीण. आमच्याकडे एक रीत आहे, मांडव नसताना धवला मोठ्यानं गायचा नाही. अपशकुन. मग शिकायचा कधी? लग्नात तर घाई असते. तर सोनूआत्येनं यावर तोड काढली होती. माघात वालाच्या शेंगा सोलायला आम्हा दोघींना, मला आणि ठमाला, समोर बसवायची आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी अख्खा धवला म्हणायची. आम्ही तिच्या तोंडाकडे बघून तो उचलायचा, तसाच, बिनआवाजाचा. मी खाली शेंगांकडे बघितलं की माझ्या गुडघ्यावर टोला. "शेंगा कुठं पळून जात नायत. माझ्या तोंडाकडं बघ." असे किती माघ गेले! मांडवात आमचा गळा सुटायचा त्याच्या आधी आमचे ओठ तयार झालेले असायचे.

तर ठमा त्या खाटेवर बसून तसाच बिनआवाजाचा हळदीचा धवला म्हणत होती. इस्पितळात मांडव कुठला! रीत तिनं तिथंही मोडली नाही.

बोटांना तो कळला का? अर्धासुद्धा नाही. पण दुसऱ्या ओळीला ओठ मिटतात, तिसऱ्या ओळीला तोंड आ करून थांबतं, एवढं सापडलं, आणि तिथं मी तिच्याबरोबर ओठ हलवले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं म्हणे वैशालीला विचारलं, या दोघी काय खातायत?

वैशाली मात्र हसली नाही म्हणे. ती आमच्याकडे बघत बसली होती. पोरीचं डोकं बघा! संध्याकाळी ती माझ्या कानाला लागून, जाड आवाजात, एकेक शब्द तोडून बोलली. कळलं मला.

"आई, कोरोनाच्या टायमाला सगळ्यांनी मास्क लावलं, तवा तुमी काय म्हणायचात?"

"सगळे फडक्यात पुटपुटतात म्हणायचे."

"आणि टीव्हीवर त्या दुसऱ्या भाषेतनं मराठीत केलेल्या मालिका लागतात, त्या तुमाला का नाय आवडत?"

"त्यातलं काय कळत नाय. माणसाचं तोंड एक करतं, आवाज दुसराच."

"आणि मी पाठीमागनं हाक मारली की तुमी कधीच ओ देत नाय. मला वाटायचं, सासू हाय, मुद्दाम करते."

एवढं बोलून ती उठली आणि डॉक्टरीणबाईंकडे जाऊन म्हणाली, माझ्या सासूचे कान तपासा. तिघाचौघांनी उडवून लावलं, डोळ्याच्या वॉर्डात कान कशाला म्हणून. ती दोन दिवस मागं लागली. मी तिला कधी तोंडावर चांगलं म्हटलेलं नाही, आमच्या पिढीला येत नाही ते. इथं लिहून ठेवते.

कानाची खोली

पिंपात बसवावं तसं एका छोट्या खोलीत बसवलं. कानाला टोप्या लावल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिले काही जाड आवाज आले, दाबले. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं वीज गेली. म्हटलं, "मॅडम, तुमचं मशीन बंद पडलंय." मशीन चालूच होतं.

कानाच्या मॅडम म्हणजे पंचविशीची पोरगी. पण बोलायची रीत अशी, की कानाजवळ यायची, हातावर हात ठेवायची, आणि मगच बोलायची. अंधारातल्या माणसाला त्या हाताची किंमत कळते.

"आजी, हे आत्ताचं नाही. तुमचे कान बरीच वर्षं कमी होत आलेत. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. स, श, फ, त, असले आवाज गळून जातात. म्हणून बोलणं ऐकू येतं पण समजत नाही."

"मग इतकी वर्षं लग्नं गायले ती कशी?"

"गाताना तुम्ही बघता कुठं?"

"ठमाच्या तोंडाकडं. सोनूआत्येची शिस्तच तशी."

तिनं पुन्हा हातावर हात ठेवला. मग म्हणाली, "आजी, कानातून गळलेलं सगळं तुम्ही डोळ्यांनी वेचून भरत होता. थोडंफार सगळेच करतात. तुमच्याइतकं करणारं मी कोणी बघितलं नाही. तुम्हाला स्वतःलासुद्धा पत्ता लागू दिला नाही तुम्ही."

मी नंतर पुष्कळ वेळ त्यावर विचार करत राहिले. मला कधीच असं वाटलं नव्हतं हो, की मी तोंड *वाचते*. मला ऐकूच यायचं! ठमाचा 'स' मला कानात वाजायचा. तो कानातून येत नव्हता, तिच्या दातांवरून माझ्या डोळ्यात, आणि डोळ्यातून कुठंतरी आत जाऊन तिथं त्याचा आवाज होत होता. एखाद्या घरात भिंतीपलीकडच्या जावा एकमेकींचं काम न सांगता उरकतात आणि घरधन्याला वाटतं सगळं आपोआप होतंय, तसं चाललं होतं माझ्या डोक्यात. वर्षानुवर्षं. डोळे बंद पडले तेव्हा कुठं कळलं की कानाचं अर्धं दळण डोळाच दळत होता.

पट्टी निघाली

बुरशी गेली. उजव्या डोळ्यावर पांढरा डाग राहिला, तो आहेच. पौष सरता सरता डाव्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. समोर वैशाली होती. किती वाळली होती! ती म्हणाली, "दिसतंय का, आई?"

मला दिसलं आणि ऐकू आलं. दोन्ही एकदम. शब्दन्‌शब्द. आदल्या दिवसापर्यंत जी पेज होती तिची शितं सुटी झाली. कानाला कुणी हात लावलेला नव्हता हं! ऑपरेशन डोळ्याचं, आणि मोकळे झाले कान. मी खाटेवर उभी राहायची तेवढी बाकी होते.

त्याच आठवड्यात ऐकायचं यंत्र बसवायला कानाच्या मॅडमकडे गेलो. मी, वैशाली आणि आमचे हे. मॅडमनी मोबाईलवर एक गंमत दाखवली. एका बाईचं नुसतं तोंड, ती एकच अक्षर परत परत म्हणते.

"काय म्हणतेय, आजी?"

"दा, दा, दा."

"आता डोळे मिटा."

मिटले. अहो, बाई 'बा, बा' म्हणत होती! स्वच्छ. डोळे उघडले, परत 'दा'. मिटले, 'बा'. मॅडम म्हणाल्या, आवाज 'बा'चाच आहे, पण त्यावर तोंड जोडलंय 'गा' म्हणणाऱ्या बाईचं. मला वाटलं माझ्याच कानांचा दोष. आमच्या ह्यांचे कान सशाचे, त्यांना पुढं बसवलं. तेही म्हणाले, 'दा'. डोळे मिटून 'बा'. उघडून 'दा'. तीनदा केलं आणि मग चिडले.

"या बाईचं तोंड खोटं बोलतंय!"

"आजोबा, मला माहीत आहे तरी मला 'दा'च ऐकू येतं," मॅडम हसून म्हणाल्या. "कुणालाही येतं."

बघा काय कारभार आहे! कान म्हणतो 'बा', डोळा म्हणतो 'गा'. डोकं दोघांनाही खोटं पाडत नाही, मधलंच काहीतरी ठरवून टाकतं, आणि आपल्याला वाटतं आपण ऐकलं. आमच्या पंचांना असा निवाडा जमला असता तर बांधाची भांडणं कोर्टात गेली नसती. मी इतके देव पूजले, पण दोन कानांच्या मधे बसलेल्या या पंचाला कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी मनातल्या मनात जोडले.

मिशी

आमच्या ह्यांची मिशी गावात नावाजलेली. ओठ झाकून खाली हनुवटीपर्यंत. लग्नात माझ्या बापानं मिशीकडे बघून मुलगी दिली असं म्हणतात. घरी परतल्यावर वैशालीनं मॅडमनी सांगितलेलं सगळ्यांना सांगितलं. आईंशी बोलताना समोर या, उजेडात या, तोंडावर हात धरू नका, ओरडू नका. ह्यांनी ऐकून घेतलं आणि नेहमीसारखे उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सरळगावच्या बाजाराला गेले ते दुपारी परतले. मी ओटीवर वाल निवडत होते. समोर एक अनोळखी म्हातारा येऊन बसला. वरचा ओठ पांढरा फटक, झाकलेलं गवत पांढरं पडतं तसा. मी पदर सावरला.

"काय गो, आता ऐकू येतं?" म्हातारा म्हणाला.

आवाज ह्यांचा. मी बघतच राहिले. नंतर म्हटलं, "एवढी मिशी का काढलीत?"

"दहा वरसं मला वाटलं, तुला माझं बोलणं नको झालंय."

सुरेश कामावरून आला, बापाला बघून दारातच थांबला आणि म्हणाला, "आई, घरात कोण आलंय?" त्यावर ह्यांनी त्याला जी शिवी दिली तीसुद्धा मला स्वच्छ ऐकू आली. किती वर्षांनी!

यंत्र

बाकावरच्या माणसांनो, यंत्राचं खरं सांगते. पहिले पंधरा दिवस ते काढून विहिरीत टाकावंसं वाटतं. बांगड्या वाजतात, पिशवी कुरकुरते, पत्र्यावर चिमणी चालली तरी कुणी धान्य ओतल्यासारखं. मॅडमनी सांगितलं होतं, डोक्याला सवय होऊ द्या, रोज थोडं थोडं. झाली सवय. आता शांत घरात मला पाठीमागची हाकसुद्धा येते. वैशाली मुद्दाम मारून बघते. पण गोंगाटात यंत्र गोंगाटच वाढवतं. तिथं परत डोळाच.

माघात ठमा वाल सोलायला आली. आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि बिनआवाजाचा अख्खा धवला म्हटला. एका डोळ्यानं मी तिचं तोंड झेलत होते. पाच ठिकाणी सुटलं. तिनं गुडघ्यावर टोला दिला, अगदी सोनूआत्येसारखा. दुसऱ्या खेपेला तीन ठिकाणी. फाल्गुनात एका.

"ती एक जागा मांडवात सुटली तर?" मी म्हटलं.

"तर माझ्या नातीची हळद सुटंल," ठमा म्हणाली. धीर देणं तिला कधीच जमलं नाही.

जाईची हळद

वैशाखात मांडव पडला. जांभळाच्या हिरव्या डहाळ्या, खाली चटई, मधे जाई पाटावर. आणि कोपऱ्यात डीजे, माणसापेक्षा उंच चार खोकी. नवऱ्याकडच्या पोरांनी हौसेनं आणलेला. आम्ही चटईवर बसतोय तोवर तो सुरू झाला. छाती हलत होती. यंत्रातून तर कुणी माझ्या कानात पत्रा ओढतोय असं वाटलं. मी दोन्ही यंत्रं काढली आणि मुठीत धरली.

बायका हळदीच्या वाट्या घेऊन उभ्या. कुणाचं कुणाला ऐकू येईना. जाईची आई डीजेकडे हात करून ओरडत होती, पोरं नाचत होती, त्यांना वाटलं ती नाच म्हणतेय. मुहूर्त जवळ आला होता. चांगल्या कानांच्या पन्नास बाया त्या मांडवात, आणि सगळ्या बहिऱ्या.

ठमानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या तोंडाकडे.

तिनं ओळ उचलली. मी झेलली. ती पूर्ण गळ्यानं गात होती हे तिच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. खरं सांगते, मला तिचा आवाज ऐकू आला. घोगरा, शेवटाला थोडा फाटणारा, तीस-पस्तीस वर्षांचा ओळखीचा. यंत्रं माझ्या मुठीत होती. कानातून आला की डोळ्यातून, ते आतल्या पंचाला विचारा.

तेलाचं कडवं झालं. मी हातानं खूण केली, पहिल्या बाईनं तेल लावलं. हळदीचं कडवं लागलं. वाट्या पुढं आल्या. शेजारच्या पोरींनी आमच्याकडे बघितलं, एक-दोघी खाली चटईवरच बसल्या आणि आमच्या तोंडाकडे टक लावून ओठ हलवायला लागल्या. ती नेहमी सुटणारी जागा आली. ठमानं डोळे मोठे केले. मी तिच्या वरच्या ओठावरून नजर हलवली नाही.

तेवढ्यात सुरेशनं जाऊन डीजेची वायर काढली. एकदम सगळं थांबलं.

आणि अख्ख्या मांडवानं ऐकलं, आम्ही दोघी एकाच शब्दावर होतो.